टिटवीचा दुसरा पाय

५ जानेवारी, जेवणाची सुट्टी

दादा,

आधी माफी मागते. शुद्धलेखन बघू नकोस, आणि मी फार हळू टाइप करते, तेही पोटात घाल. एका बोटानं चाललंय. अर्धा शब्द झाला की फोन पुढचा सुचवतो, त्यातला ओळखीचा दिसेल तो मी घेते. एवढंच लिहायला पाव तास लागला. काकू म्हणाल्या, "एवढ्यात तर मी याचं भरतकाम करून दिलं असतं."

काकू म्हणजे आपल्या नात्यातल्या नाहीत, भरतकामाच्या कारखान्याच्या मालकीण आहेत. कारखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांब खोली. चार मशीनं, एक कॉम्प्युटर, आणि कातरकाका. कातरकाका कापतात आणि दिवसभर बोलतात. दोन्हीला धार आहे.

आई फोनवर तुला सांगते ना, "ती कामाला जाते आता"? तू "बरं" म्हणतोस. मी शेजारीच असते, मला ऐकू येतं. चौदा महिने झाले. "यापुढे मला काही सांगू नकोस," असं तू म्हणाला होतास, म्हणून मी नाही सांगितलं. कॉलेज सोडून तू भरती झालास ते मी शिकावं म्हणून, आणि मी शाळा सोडून घरी आले. तुझ्या जागी मी असते तर मीही "बरं" एवढंच म्हटलं असतं.

पण आता सांगावं लागतंय, कारण मी माती खाल्लीय.

आम्ही सैन्याचे बिल्ले करतो, खांद्यावर शिवायचे, कापडाचे. तुझ्या ब्रिगेडचे पण. तुझ्या खांद्यावरची टिटवी गेल्या सहा महिन्यांतली असेल, तर ती माझ्या मशीनवरून आलीय. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. मला नुसतं माहीत असलं तरी पुरत होतं.

तुमच्या ब्रिगेडला साठ वर्षं होतायत, त्या संचलनासाठी आठशे नवे बिल्ले सांगितले होते, जरा मोठे. मोठे करायचे म्हणून काकूंनी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर मला एकटीला बसू दिलं. टिटवीला एकच पाय आहे, तुला माहितीये. सहा महिने मी ते बघत होते आणि मला वाटायचं, आधीच्या कारागिराचा पिवळा दोरा तुटला असणार. इथं असं होतं. दोरा तुटतो, मशीनला कळत नाही, ते रिकामी सुई मारत पुढे जातं, आणि फुलाची एक पाकळी गायब. मला त्या टिटवीचं वाईट वाटायचं. घरामागच्या पाण्याच्या टाकीजवळ टिटव्या असतात, त्या मी खूप बघितल्यात (शाळेच्या वेळात. ते नंतर कधीतरी). दुसरा पाय कुठं असतो, किती तिरका असतो, मला पाठ आहे. मी तो दिला. आणि जुन्या फाईलवरच सेव्ह केलं.

काल आठशेच्या आठशे परत आले. सोबत कागद. "चिन्हात परस्पर बदल. नामंजूर."

काकू खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. कातरकाका म्हणाले, "सगळं जग एकमेकांचे पाय ओढतंय, आणि ही पाय लावत सुटलीय!" कुणी हसलं नाही. काकूंचं अर्धं काम तुमच्या ब्रिगेडचं आहे. तुमच्या साहेबांनी सांगितलंय, अगदी पहिला बिल्ला होता हुबेहूब तसा करून द्या, संचलन एकतीस तारखेला, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. काकूंनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची भिंतीला लावून ठेवली. दादा, ती खुर्ची मला परत पाहिजे. आजवर मला नीट जमलेली ती एकच गोष्ट आहे.

आई म्हणाली, तू सध्या ब्रिगेडच्या इतिहासाच्या खोलीत कामाला आहेस, जुन्या वस्तू लावतोयस. पहिला बिल्ला तिथंच असेल. फोटो चालणार नाही, टाके कुठल्या दिशेला गेलेत ते हातात धरूनच कळतं. साहेबांना विचारशील का? माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त बिल्ला पाठव.

खारू

(हे नाव वापरलेलं चालेल ना? तूच ठेवलंयस.)

११ जानेवारी

दादा,

पाकीट आलं. आभारी आहे. आईनं ऐकलं तर म्हणेल, भावाला कुणी आभारी आहे म्हणतं का. पण मी म्हणणार.

पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये बिल्ला, त्यावर साहेबांच्या सहीचा कागद, आणि खाली तुझ्या हातची एक ओळ. "सांभाळ. परत पाठव." 'सांभाळ' हे बिल्ल्याबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, ते मी विचारत नाही. चौदा महिन्यांत तू 'बरं' सोडून दुसरं काहीतरी म्हणालास, मला तेवढं खूप झालं. कागद मी माझ्या दोऱ्यांच्या डब्यात ठेवलाय.

आता नीट ऐक, कारण मला काहीतरी सापडलंय आणि ते कुणाला सांगायचं ते कळत नाही.

बिल्ला हातानं भरलेला आहे. जाड सुती कापड, हिरवट. टाके इतके सारखे की काकूंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "हा माणूस घाईत नव्हता." एकच पाय, बरोबर. मी तो खिडकीत उजेडावर धरला, अस्तराची जाडी बघायला. आणि उजेड आला, दादा. टिटवीच्या पोटाखाली, जिथं काहीच नाही, तिथून. बारीक भोकं. सुईची. दोन ओळी, आणि खाली तीन फाटे. मी मोजली, सव्वीस. मागच्या बाजूला अस्तराच्या कडेतून पिवळ्या दोऱ्याची एक गाठ अजून डोकावतेय, तिला पुढे पायच नाही.

म्हणजे पाय होता. कुणीतरी तो भरला, नीट, बोटांसकट. आणि मग कुणीतरी तो उसवला. तोही नीट. दोरा ओढून काढला असता तर कापड चुरगळतं, भोकं लांबट होतात. ही गोल आहेत. एकेक टाका कापून काढलाय, हळूच.

मी माझ्या नामंजूर बिल्ल्याचं चित्र कागदावर त्याच्या मापाला छापून त्यावर ठेवलं. माझा पाय त्या भोकांवर बसला. तांदळाच्या दाण्याएवढा इकडेतिकडे असेल.

कामाबरोबर आलेल्या तुमच्या ब्रिगेडच्या पुस्तिकेत तर दुसरंच लिहिलंय. ब्रिगेड उभी राहिली त्याच्या पुढच्याच वर्षी, नदीकाठी पहाटे शत्रूची चाहूल लागून टिटव्या ओरडल्या, पहाऱ्यावरच्या शिपायानं छावणी जागी केली, म्हणून सगळे वाचले आणि टिटवी चिन्ह झाली. इथपर्यंत ठीक. मग लिहिलंय, "एक पाय उचललेला, म्हणजे सदैव सज्ज." पण पाय उचललेला नाहीये. पाय काढलाय.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "साठ वर्षं सैन्य एका पायावर उभंय ना? मग उभं राहू दे. तू एक पाय कर आणि गप्प बस."

गप्प बसणं मला जमतं. पण दोरा तुटला समजून मी एकदा चुकलेय. आता काहीच न विचारता केलं तर ती मुद्दाम केलेली चूक होईल. तू साहेबांना सांगशील? माझं नाव न घेता सांगितलंस तरी चालेल. कारखान्यातून कळलं म्हण.

खारू

१७ जानेवारी, सकाळी लवकर

दादा,

तुझं पत्र काल आलं. अख्खं पान! मी आधी ते लांबूनच बघितलं, किती ओळी आहेत ते. मग वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. हो, मोठ्यानं. अडखळत, पण आईच तर होती.

तू माझं नाव घेतलंसच. "माझ्या बहिणीनं शोधलं" असं म्हणालास साहेबांना. साहेबांनी तुला विचारलं, बहीण काय करते, आणि तू म्हणालास, "बिल्ले करते, आपलेच." ते मी चार वेळा वाचलं.

पण तुझ्या पत्रातली बाकीची बातमी मी दोनदा पडताळून वाचली. पहिले बिल्ले भरणारे शिंपीमास्तर अजून आहेत, आणि साहेब उद्या त्यांना घेऊन इथं येणार! मला वाटायचं साठ वर्षांपूर्वीची माणसं फक्त फोटोत असतात.

तू विचारलंयस, "असं बघायला तुला कुणी शिकवलं?" कुणी नाही. मी तशीच बघते. अक्षरं बघते तेव्हाही मला आधी आकारच दिसतो, शब्द उशिरा येतो.

आता ते 'नंतर कधीतरी' सांगूनच टाकते, कारण उद्या साहेब मला बोलायला लावणार आणि मी गोठणार, मग तुला कुणाकडून तरी कळेलच. मी तुला सांगितलं होतं की शाळेत डोकं दुखतं. डोकं दुखत नव्हतं. बाई रोज एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायच्या. माझी पाळी आली की ओळी हलायच्या. मी एका शब्दावर थांबायचे आणि मागच्या बाकावरून तो शब्द तसाच, माझ्याच आवाजात, तुकडे करून यायचा. सगळे हसायचे. एकदा बाई पण हसल्या, मग त्यांनी तोंडावर हात धरला, ते जास्त लागलं. मग मी जायचेच नाही. डबा घेऊन निघायचे, आणि टाकीजवळ बसायचे. अडीच महिने. टिटव्यांनी कधी नक्कल केली नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तू रजेवर आलास की माझी वही तपासायचास. माझ्या चुकांवर लाल गोल न करता पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचास, कुणाला दिसू नये असं. अशा माणसाला काय सांगणार की मला वाचताच येत नाही धड?

तू रागावलास ते बरोबरच होतं. तुला खोटं कारण मिळालं होतं, आणि खोट्या कारणाचा राग खराच येतो.

काकू हाक मारतायत. जिना झाडायचाय, साहेब येणार म्हणून. कातरकाकांनी दाढी केलीय. ओळखू येत नाहीत.

खारू

१८ जानेवारी, ते गेल्यावर लगेच

दादा,

गेले. आत्ताच गेले. घाईत टाइप करतेय, त्यामुळे फोन भलतेच शब्द सुचवतोय.

मास्तर चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. जिना चढायला त्यांना एवढा वेळ लागला की सायकलवाला खाली पैज लावल्यासारखा बघत होता. वर आले आणि आधी मशीनकडे गेले, माझ्याकडे नाही. चालू मशीन बघून म्हणाले, "ही बया किती करते दिवसाला?" कातरकाका म्हणाले, "तीनशे." मास्तर म्हणाले, "आणि गप्पा?" "त्या मी करतो."

साहेब चांगले आहेत, तू म्हणालास तसे. पण मला ज्याची भीती होती, त्यांनी बरोबर तेच केलं. खुर्ची घेतली, वही उघडली आणि म्हणाले, "हां, सांग बाळ, काय काय दिसलं तुला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि ओळी हलायला लागल्या, समोर कागद नसताना. मी "स" म्हणाले. फक्त "स". आणि थांबले.

साहेब म्हणाले, "घाबरू नकोस, बोल."

काकू पुढे आल्या. म्हणाल्या, "साहेब, ती बोलत नाही. ती दाखवते."

दादा, मी काकूंचे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही.

मी बिल्ला घेतला आणि खिडकीत धरला. साहेब वाकले. त्यांना भोकं दिसली. मी सुईच्या टोकानं एकेक दाखवत गेले, मांडीपासून बोटांपर्यंत. मागची गाठ दाखवली. मग मशीनवरचा टाका ओढून काढला तर भोक कसं होतं आणि कापून काढला तर कसं, ते दोन तुकड्यांवर करून दाखवलं. एक शब्द न बोलता. साहेबांची वही तशीच कोरी राहिली.

मास्तर मागून म्हणाले, "सव्वीस आहेत ना?"

मी मान हलवली.

"मीच भरले होते. आणि हा बिल्ला माझाच, त्यामुळे उसवले पण मीच." ते बाकावर बसले. साहेबांना म्हणाले, "हे कुठं लिहू नका असं आमचं ठरलं होतं. पण आता ठरवणारे कुणी उरले नाहीत. मी एकटा काय ठरवणार?"

मग त्यांनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

त्या पहाटे टिटव्या ऐकून ज्यानं छावणी जागी केली, त्या शिपायाचा पाय त्याच सकाळी गेला. बाकी सगळे धड परतले. सगळ्यांच्या खांद्यावर मास्तरांनी टिटवी भरून दिली, दोन पायांची. तीन महिन्यांनी तो इस्पितळातून सुटून शेवटच्या संचलनाला येणार होता, मग कायमचा घरी. त्यानं निरोप पाठवला, मी रांगेत येणार नाही, कुबड्या घेऊन मागच्या कोपऱ्यात बसेन, माझ्याकडे कुणी बघू नका.

"आदल्या दिवशी दुपारी," मास्तर म्हणाले, "माझ्याकडे एक जण आला. म्हणाला, मास्तर, कातर द्या जरा. मी म्हटलं कशाला? त्यानं सदरा काढला आणि टिटवीचा एक पाय उसवायला बसला. मग दुसरा आला. मग रांगच लागली. कुणी हुकूम दिला नव्हता. चिन्हात बदल करणं म्हणजे गुन्हा, साहेब, तुम्हाला माहितीये. संध्याकाळपर्यंत छावणीत दोन पायांची टिटवी उरली नाही."

साहेबांनी विचारलं, "आणि तो आला?"

"आला. कोपऱ्याकडेच निघाला होता. मध्येच थांबला. पहिल्याच्या खांद्याकडे बघितलं, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. आमच्या माना ताठ, कुणी हलेना. मग रांगेत येऊन उभा राहिला."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. मास्तर म्हणाले, "थांबा, रडू नका, पुढचं ऐका. संचलन संपलं आणि मला म्हणतो, गाढवांनो, माझा उजवा गेलाय! तुम्ही डावा काढलात!"

कातरकाका एवढे हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. आणि मास्तर पण हसले, आणि हसता हसता त्यांचं ते दुसरं सुरू झालं, त्यामुळे आम्ही सगळे मशीनकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांचे खांदे बघितले, काही विचारलं नाही, आणि एका पायाचं चिन्ह मंजूर केलं. 'सदैव सज्ज' हे त्यांनी कागदासाठी शोधून काढलं, कुणाला शिक्षा व्हायला नको म्हणून.

मग मास्तरांनी माझा नामंजूर बिल्ला मागितला. बराच वेळ बघितला. म्हणाले, "पाय कुठून आणलास?" मी म्हणाले, "टाकीजवळून." दोन शब्द झाले, दादा, सगळ्यांसमोर, अखंड. एकच होता खरं तर. ते म्हणाले, "मी नदीवरून आणला होता."

साहेब जाताना जिन्यात थांबले. आठशे बिल्ल्यांची खोकी तिथंच ठेवलीत, वर जागा नाही म्हणून. काकूंना म्हणाले, "नवे करू नका. हेच द्या." काकू म्हणाल्या, "अहो, पण यांना दोन पाय आहेत!" साहेब म्हणाले, "असू देत. दुसरा आमचा आम्ही काढू."

खुर्ची भिंतीपासून हलली आहे. कुणी हलवली ते कुणी सांगत नाही. मला कातरकाकांचा संशय आहे.

खारू

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट काल आलं. आधी उलटं करून झटकलं, तर माझ्या मांडीवर पिवळा दोरा पडला. सव्वीस तुकडे. मी मोजले नसतील असं तुला वाटलं होतं का?

तू लिहिलंयस ते मी डोळ्यांसमोर आणते. आठशे माणसं दुपारी उन्हात बसलीयत, मांडीवर सदरा, हातात छोटी कातर, आणि साहेब सुद्धा. एकानं चुकून उरलेला पाय पण उसवला, आणि त्याची टिटवी हवेत राहिली. तू म्हणतोस, तो आता स्वतःला विमानदलात समजतो. कातरकाकांना सांगितलं, ते कालपासून तेवढंच सांगत फिरतायत. आणि मास्तरांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली तर ते बसलेच नाहीत, पूर्ण वेळ उभे राहिले. आणि पुस्तिकेत नवं पान येणार. त्यात त्या शिपायाचं नाव, आणि मास्तरांचं. माझं पण घालू का असं साहेबांनी विचारलं आणि तू म्हणालास, तिला विचारून सांगतो. विचारलंस ते बरं केलंस. नको घालूस. "टाके वाचणारी" एवढंच लिहा, हवं तर. वाचणारी. मला तेवढं आवडेल.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते चार पानांचं आहे आणि मी ते एकटीनं वाचलं, न थांबता म्हणणार नाही, पण शेवटपर्यंत. तुझ्या लिहिण्यात चुका आहेत, दादा. अकरा. माझ्यासारख्या माणसाला पण सापडाव्यात अशा. तू सातवीत शुद्धलेखनाचं बक्षीस आणलं होतंस, ती फुटकी दौत अजून कपाटावर आहे.

पहिल्यांदा वाटलं, घाईत लिहिलं असेल. मग मी पत्र खिडकीत धरलं. अकराही जागी आधी बरोबर लिहून मग खोडलेलं दिसलं.

तू घरी येशील त्या दिवशी मी पेन्सिल घेऊन बसणार आहे. प्रत्येक चुकीवर एक टिंब, बारीक, कुणाला दिसू नये असं. तोपर्यंत मी याबद्दल काही बोलत नाही. तुझ्या शेजारी रांगेत येऊन उभी राहिले, एवढं समज.

दोरा मी टाकला नाही. तुझ्या त्या पहिल्या ओळीबरोबर डब्यात ठेवलाय. तू बिल्ला पाठवलास, माझं नाव सांगितलंस, "आपलेच" म्हणालास, या सगळ्याबद्दल मी परत आभारी आहे म्हणणार होते, पण आई मागून वाचतेय आणि तिनं डोक्यात टपली मारली.

आणि हो, सांगायचंच राहिलं. आई सायकल शिकली! कारखान्याखालच्या सायकलवाल्यानं शिकवली, आठ दिवसांत. परवा ती आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत एकटी गेली. थांबायचं कसं ते अजून शिकलेली नाही, त्यामुळे रजेवर येशील तेव्हा दारात मध्येच उभा राहू नकोस.

तुझी
खारू